इलेक्ट्रिकलच्या पदवीचा ताळेबंद

सांगली-सातारा पट्ट्यातल्या एखाद्या खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलचा तिसऱ्या वर्षाचा वर्ग भरलेला असतो. एका बाकावर तिघं बसलेली असतात. पहिला अनुसूचित जातीच्या प्रवर्गातून आलेला. त्याचं शिक्षण शुल्क सरकार भरतं. दुसरी ओबीसी घरातली मुलगी. २०२४ पासून तिचंही शिक्षण शुल्क माफ आहे. तिसरा संस्थास्तरीय कोट्यातून, म्हणजे कॉलेजनं स्वतः भरलेल्या जागेवर आलेला. त्याच्या वडिलांनी पै न पै स्वतः भरली आहे, त्यातली बरीचशी बँकेची आहे. तिघांची पुस्तकं तीच, ट्रान्सफॉर्मरच्या इक्विव्हॅलंट सर्किटवरचा प्रश्न तोच, शेवटी मिळणारा कागदही तोच. कोणी किती मोजले याची त्या कागदावर नोंद नसते आणि मुलाखत घेणारा ती विचारतही नाही.

दर जून-जुलैत या दोन जिल्ह्यांतल्या हजारो घरांत चर्चा रंगते. ‘कॉम्प्युटर मिळत नाहीय, ई अँड टीसी लांबचं मिळतंय, इलेक्ट्रिकल जवळच मिळतंय. घ्यायचं का? स्कोप आहे का?’ स्कोपची चर्चा मामा करतो, क्लासचे सर करतात, पुण्यात नोकरी करणारा चुलतभाऊ करतो. पदवीची कमाई बाजार ठरवतो आणि ती तिघांना सारखीच खुली असते. पण पदवीची किंमत प्रवेशाच्या मार्गावर ठरते आणि तिथे दुपटीचा फरक पडतो. म्हणून ‘इलेक्ट्रिकल परवडतं का’ या प्रश्नाला शाखेकडे बघून उत्तर देता येत नाही. ‘कुठल्या दारानं आत जाताय’ हे आधी विचारावं लागतं.

ही दारं कशी झाली

या भागाला यंत्राचं वेड जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा त्यांच्याकडे इंजिनीअरिंगची पदवी नव्हती. ते मुंबईत चित्रकला आणि यांत्रिक रेखाटन शिकले होते. पदवीचं दुकान इथे उघडलं ते स्वातंत्र्याच्या वर्षी. १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांनी सांगलीत न्यू इंजिनीअरिंग कॉलेज काढलं. १९५५ मध्ये त्याला वालचंद हिराचंदांचं नाव लागलं आणि विश्रामबागेतलं ते कॉलेज सगळ्यांसाठी ‘वालचंद’ झालं. १९६० मध्ये, महाराष्ट्र राज्य जन्मलं त्याच वर्षी, कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. एक अनुदानित, एक सरकारी. जागा मोजक्या. आत शिरला त्याचा खर्च किरकोळ, आणि बाहेर राहिला त्याच्यासाठी कर्नाटकातली कॉलेजं आणि तिथलं डोनेशन.

तिसरं दार १९८३ मध्ये उघडलं आणि ते उघडणारा माणूसही सांगलीचाच. फारसं औपचारिक शिक्षण न झालेले वसंतदादा पाटील तेव्हा मुख्यमंत्री होते. विनाअनुदानित तत्त्वावर खासगी व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी देण्याचा त्यांचा निर्णय आजही वादाचा आहे. कोणी त्याला शिक्षणाचा बाजार म्हणतं, कोणी खेड्यातल्या पोरांचं भाग्य. त्याच वर्षी इस्लामपूरजवळ राजारामबापू इन्स्टिट्यूट आणि साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं कर्मवीर भाऊराव पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं.

त्यानंतरची चाळीस वर्षं प्रामुख्यानं फीच्या भांडणाची आहेत. १९८७ मध्ये महाराष्ट्रानं कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा केला. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उन्नीकृष्णन खटल्यात अर्ध्या जागा ‘फ्री’ आणि अर्ध्या ‘पेमेंट’ अशी विभागणी केली. त्या दशकात शिकलेल्यांच्या तोंडी ‘फ्री सीट’ हा शब्द अजून एखाद्या पदवीसारखा येतो. श्रीमंताची फी गरिबाला पोसणार, अशी ती कल्पना होती. प्रत्यक्षात चांगल्या शाळा-क्लासमधून आलेल्या शहरी मुलांना फ्री सीट मिळत होती आणि गावाकडचा बाप पेमेंट सीटसाठी जमीन गहाण टाकत होता. २००२ च्या टी. एम. ए. पै आणि २००५ च्या इनामदार खटल्यांनी ती व्यवस्था मोडीत काढली. २०१५ च्या कायद्यानुसार आता शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक खासगी कॉलेजची फी त्याचा खर्च तपासून ठरवतं. एका कॉलेजात सगळ्यांना तत्त्वतः एकच फी. ती कोण भरणार, एवढाच प्रश्न उरतो.

खर्चाची बाजू

हिशेबासाठी गोल आकडे धरू. खासगी कॉलेजची वर्षाची फी १,१०,००० रुपये. त्यातले ९५,००० शिक्षण शुल्क आणि १५,००० विकास व इतर शुल्क. खोली आणि मेस मिळून वर्षाला ६५,०००. पुस्तकं, लॅपटॉपचा वाटा, जर्नल, प्रोजेक्ट, गावी येणं-जाणं मिळून २५,०००. पूर्ण भरणाऱ्याचे वर्षाला दोन लाख, चार वर्षांचे आठ लाख.

आता सवलती. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला अर्धं शिक्षण शुल्क मिळतं. त्याची चार वर्षं सहा लाख दहा हजारांत पडतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, त्याच उत्पन्न मर्यादेतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. विकास शुल्क, खोली, मेस मात्र माफ नाही. तिची चार वर्षं चार लाख वीस हजारांच्या घरात जातात. ती गावाकडून एसटीच्या पासावर ये-जा करत असेल तर आणखी बरीच कमी. वालचंद किंवा कराडसारख्या अनुदानित-सरकारी ठिकाणी मूळ शुल्कच कमी असल्यानं सगळेच आकडे खाली उतरतात.

एक अट मात्र पुष्कळ पालकांना उशिरा कळते. या सवलती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून आलेल्यालाच मिळतात. हव्या त्या शाखेसाठी कॅप सोडून संस्थास्तरीय कोट्यात घुसलेला मुलगा गरीब असला तरी सरकारी मदतीला मुकतो. वर्षाअखेरीस ‘फॉर्म भरला होता, पैसे आले नाहीत’ असं म्हणत फिरणाऱ्या पालकांपैकी काहींची अडचण पोर्टलमध्ये नसते, प्रवेशाच्या प्रकारातच असते.

सर्वांत स्वस्त वाटेकडे चांगले मार्क पडलेल्यांच्या घरात कोणी बघत नाही. दहावीनंतर कराड किंवा मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घ्यायचा. वर्षं तेवढीच लागतात. अकरावी-बारावी अधिक चार वर्षं म्हणजे सहा, डिप्लोमा अधिक तीन म्हणजेही सहा. पण खासगी पदवीची चारऐवजी तीनच वर्षं भरावी लागतात आणि सीईटीच्या क्लासचा खर्च वाचतो. शिवाय वाटेत एक थांबा मिळतो: घरात काही बिघडलं तर एकोणिसाव्या वर्षी हातात नोकरी मिळवून देणारा कागद असतो. बारावीतून गेलेल्या मुलानं दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडलं तर त्याच्या हाती काहीच उरत नाही. या वाटेची किंमत गणितात मोजावी लागते. डिप्लोमावाला थेट दुसऱ्या वर्षात येतो, तेव्हा लाप्लास आणि फूरियर त्याची वाट पाहत असतात. पहिल्या सेमिस्टरला पुष्कळांची दांडी गुल होते. जी तगतात त्यांना पुढे मोटार, स्टार्टर, पॅनेल हाताळलेलं असल्याचा फायदा होतो.

पावती न मिळणारा एक खर्चही आहे. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा वीजतंत्री कोर्स केलेला मित्र अठराव्या वर्षी कामाला लागतो. त्याचे महिना सरासरी पंधरा हजार धरले, तर इंजिनीअर पास होईपर्यंतच्या चार वर्षांत त्यानं सात लाख वीस हजार कमावलेले असतात. म्हणजे पूर्ण फी भरणाऱ्याची पदवी खरं तर पंधरा लाखांची. यातला जवळजवळ निम्मा आकडा कॉलेजच्या एकाही पावतीवर दिसत नाही.

जमेची बाजू

कॉलेजच्या फाटकावरच्या फ्लेक्सवर सर्वांत मोठा आकडा असतो तो ‘हायेस्ट पॅकेज’चा. पालकांनी तो वाचून विसरावा. एका मुलाला बारा लाख मिळाले म्हणून बाकीच्या साठांच्या ताटात काही पडत नाही.

इलेक्ट्रिकलच्या मुलाला कॅम्पसमध्ये जी नोकरी मिळते, ती पुष्कळदा विजेची नसतेच. ती आयटीची असते. मोठ्या आयटी कंपन्यांचं फ्रेशरचं पॅकेज गेल्या दशकभरात साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळत राहिलं आहे, महागाई मात्र घुटमळलेली नाही. त्यातून पीएफमधला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, विमा वजा केला की हातात पंचवीस हजारांच्या आत-बाहेर येतात. हिंजवडीत खोली, मेस, येण्याजाण्याचा खर्च भागवून गावाकडे पाठवायला थोडंच उरतं.

‘कोअर’मध्ये, म्हणजे विजेच्याच कामात जायचं म्हटलं तर सुरुवात अनेकदा अप्रेंटिसशिपनं होते. २०१९ च्या नियमांनी पदवीधर अप्रेंटिसचं किमान विद्यावेतन महिना ९,००० आणि डिप्लोमावाल्याचं ८,००० ठरवलं. तीन वर्षांच्या जादा शिक्षणाचा फरक हजार रुपये! पुढची कमाई वेगळी असते हे खरं, पण सुरुवातीला कारखान्याला पदवीची फार घाई नसते. फलटणची कमिन्स, शिरवळ-खंडाळ्याचा पट्टा, सातारा, कुपवाड, पलूस, तासवड्याच्या एमआयडीसी या ठिकाणी देखभाल विभागाला रात्रीच्या पाळीत ब्रेकर का ट्रिप झाला हे शोधणारा माणूस हवा असतो. ते काम अनुभवी डिप्लोमावाला उत्तम करतो.

मग सरकारी नोकरी. ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. इथल्या गावांत आजही तिन्हींना ‘बोर्ड’च म्हणतात आणि बोर्डातली नोकरी हे स्वप्न अजून शाबूत आहे. महापारेषणच्या सहाय्यक अभियंता पदाच्या जाहिरातीत वेतनश्रेणी ४९,२१० रुपयांच्या मूळ वेतनापासून सुरू झालेली दिसते. भत्ते त्याहून वेगळे. बहुतेक फ्रेशर पॅकेजांना हा आकडा मागे टाकतो. पण जागा थोड्या आणि भरतीचं वेळापत्रक कोणाच्याच हातात नाही. उलट महावितरणनं डिसेंबर २०२३ मध्ये विद्युत सहाय्यकांच्या ५,३४७ जागांची जाहिरात काढली. त्यासाठी आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री लागतो. मानधन पहिल्या वर्षी महिना १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,०००, तिसऱ्या वर्षी १७,०००, आणि नंतर तंत्रज्ञ म्हणून कायम. खांबावर चढणाऱ्यांच्या जागा हजारांत आणि कार्यालयात बसणाऱ्यांच्या मोजक्या, हे वीज वितरणाचं वास्तवच आहे. ते दहावीनंतरच्या समुपदेशनात कोणी सांगत नाही.

केंद्रीय कंपन्यांचा रस्ता गेट परीक्षेतून जातो. पॉवरग्रिड, एनटीपीसी यांसारख्या कंपन्यांची सुरुवात महापारेषणच्या तोडीची किंवा वरची असते. गेटमधून एम.टेक.ला गेला तर महिना १२,४०० विद्यावेतन मिळतं. पण गेटची तयारी म्हणून पास झाल्यावर घरी बसलेलं प्रत्येक वर्ष महिना पंचवीस हजारांच्या हिशेबानं तीन लाखांचं असतं. दोन वर्षं बसला तर सहा लाख, म्हणजे शिष्यवृत्तीवाल्याच्या अख्ख्या पदवीएवढे.

या बाजूला एक रक्कम अशी आहे की ती कोणी वहीत लिहीत नाही, पण डोक्यात सगळ्यांच्या असते: लग्न. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही तक्रार वाळवा-तासगावपासून खटाव-माणपर्यंत सारखीच ऐकू येते. द्राक्षबागेतून इंजिनीअरपेक्षा जास्त काढणाऱ्या मुलाचं स्थळ जुळत नाही आणि वीस हजारांवर असलेल्या इंजिनीअरचं जुळतं. विट्याकडचे गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरले, पैसा कमावला. त्यांनाही आता पोरगा पदवीधर हवा असतो. बापानं भरलेल्या फीचा काही भाग नोकरीसाठी नाही, प्रतिष्ठेसाठी असतो. तसं असायला हरकत नाही. फक्त तो भाग किती हे ठाऊक असावं.

वीज इथली, नोकरी कुठली

या दोन जिल्ह्यांइतकं विजेशी जखडलेलं अर्थकारण महाराष्ट्रात क्वचितच असेल. पाटण तालुक्यातल्या कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरतं आणि प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. त्याच तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांचं रान आहे, सांगलीत कवठेमहांकाळच्या बाजूलाही आहे. रेठऱ्यापासून साखराळ्यापर्यंतचे साखर कारखाने बगॅस जाळून वीज बनवतात आणि ग्रिडला विकतात. दुष्काळी पूर्व भाग टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांवर जगतो. प्रचंड मोटारी कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवतात. वीजबिल थकलं की पंप बंद आणि पंप बंद की बागा वाळायला लागतात. शेवटी बिलाचा ८१ टक्के भार शासनानं उचलायचा आणि १९ टक्के शेतकऱ्यानं, असं सूत्र करावं लागलं.

एवढी वीज खेळत असताना इथल्या इलेक्ट्रिकल इंजिनीअरला पुण्याची गाडी का पकडावी लागते? कारण वीजप्रकल्प उभारताना माणसं लागतात, चालवताना फार लागत नाहीत. जलविद्युत केंद्रात एका पाळीत मोजकी माणसं पुरतात. पवनचक्कीला वर चढून दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ लागतो. साखर कारखान्यात टर्बाइन-जनरेटर ग्रिडशी जुळवून चालवणारा अभियंता लागतो, पण एका कारखान्यात असे किती? आणि गळीत हंगाम संपला की त्याची भाषा ओव्हरहॉलची होते. पदवीला खरा भाव जिथे आहे ते काम, म्हणजे संरक्षण रिलेचं सेटिंग, उपकेंद्राची चाचणी आणि कार्यान्वयन, मोठ्या प्रकल्पाचं डिझाइन, डेटा सेंटरची वीजव्यवस्था, पुण्या-मुंबईतल्या कचेऱ्यांतून किंवा देशभर फिरून होतं.

गेल्या काही वर्षांत मात्र एक खिडकी इथल्या इथे उघडली आहे. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली, आणि उपकेंद्रांच्या आसपासच्या माळांवर सौर पटल दिसू लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये छतासाठी पीएम सूर्यघर योजना सुरू झाली. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. छतावर पटल ठोकायला पदवी लागत नाही. पण आराखडा, नेट मीटरिंगची कागदपत्रं, अर्थिंगचं माप, मोठ्या जोडणीला विद्युत निरीक्षकाची परवानगी, बँकेपुढे मांडायचा अहवाल, इथे जाणकार लागतो. स्वतःच्या नावावर परवाना असलेला, चार मुलं हाताशी धरून कामं घेणारा तरुण इंजिनीअर आज विटा, जत, फलटण, वाई अशा गावांत उभा राहू शकतो. ज्या गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान तीन पिढ्या चालतं, तिथे हेही चालेल. अट एकच. पहिली तीन-चार वर्षं तारेला हात लावून गेलेली असावीत. नुसत्या सिम्युलेशनवर पास झालेल्याला ही खिडकी उघडत नाही.

कर्जाचा हप्ता

समजा आठपैकी सहा लाख कर्ज काढलं. दर वर्षी दीड लाख, व्याज सरळ दहा टक्के. शिक्षण आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज थांबत नाही. परतफेड सुरू होईपर्यंत त्यावर दोन लाख दहा हजार व्याज चढतं. मग आठ लाख दहा हजारांवर दहा वर्षांचा हप्ता महिना सुमारे १०,७०० रुपये. एकूण परतफेड पावणेतेरा लाखांच्या पुढे. पंचवीस हजार हातात पडणाऱ्याला हा हप्ता पगाराचे चाळीस टक्क्यांहून जास्त गिळणारा आहे.

कर्ज टाळता येत नसेल तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आधी बघावी. निवडक दर्जेदार संस्थांमध्ये प्रवेश मिळालेल्यांना तारण न देता कर्ज मिळतं आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना व्याजात तीन टक्के सवलत. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, हे फी भरण्याआधी विचारायचं असतं, नंतर नव्हे.

कर्ज न काढता घरातले आठ लाख घालणाऱ्यालाही एक हिशेब करता येतो. तेच पैसे सात टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकले तर वर्षाला ५६,०००, महिन्याला साडेचार हजारांवर व्याज येतं. म्हणजे पदवीधराचा पगार आयटीआयवाल्याच्या पगारापेक्षा किमान तेवढ्यानं कायम वर असला पाहिजे, तरच पैसा पैशाच्या जागी राहिला. पहिल्या वर्षी हे अनेकदा जेमतेम साधतं. पाचव्या-सातव्या वर्षी मात्र चित्र पालटतं. आयटीआयवाल्याचा पगार हळू चढतो. रिले टेस्टिंग किंवा डिझाइन शिकलेल्या इंजिनीअरचा पगार नोकरी बदलताना उडी मारतो. इलेक्ट्रिकलची कमाई उशिरा येते, हे या शाखेचं मूळ लक्षण आहे. ज्याला उशीर परवडतो त्याला शाखा परवडते. डोक्यावर हप्ता असणाऱ्याला उशीर परवडत नाही. तो चौथ्या महिन्यात कोअर सोडून आयटीत किंवा कॉल सेंटरमध्ये जातो आणि ज्यासाठी कर्ज काढलं तेच हातचं जातं.

मग घ्यावं का?

सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळत असेल तर डोळे मिटून घ्यावं. कॉम्प्युटरची हळहळ वर्षभरात विरते. शुल्कमाफी मिळणाऱ्या मुलीनं खासगीतही घ्यावं. इतक्या कमी किमतीत इतकी दारं उघडणारा दुसरा अभ्यासक्रम तिला जवळपास मिळणार नाही, आणि ‘मुलीला इलेक्ट्रिकल कशाला’ म्हणणाऱ्यांना परीक्षण प्रयोगशाळा आणि डिझाइन ऑफिसं दाखवावीत. अर्धी सवलत मिळणाऱ्यानं खोली-मेसचा खर्च बघून ठरवावं; घराजवळचं साधं कॉलेज लांबच्या चमकदार कॉलेजपेक्षा अनेकदा फायद्यात राहतं. पूर्ण फी भरून, कर्ज काढून, कॅपबाहेरून प्रवेश घ्यायची वेळ आली असेल तर थांबावं. दहावीतल्या धाकट्या भावाला तरी तंत्रनिकेतनात घालावं. जमीन विकून तर नकोच. एकरभर बागायत पुन्हा घेता येईल असा पगार या पदवीच्या पहिल्या दशकात नाही.

फी भरण्यापूर्वी कॉलेजला तीन प्रश्न लेखी विचारावेत. गेल्या वर्षी इलेक्ट्रिकलच्या किती मुलांना नोकरी मिळाली, सगळ्या शाखांची बेरीज नको. त्यांच्या पगाराचा मधला आकडा किती, सर्वांत मोठा नको. आणि त्यातल्या किती नोकऱ्या विजेच्या होत्या. ज्या कॉलेजला ही उत्तरं द्यायला आनंद होतो तिथे मूल पाठवायला हरकत नाही. जे फक्त फ्लेक्स दाखवतं, त्याचा हिशेब कच्चा आहे असं समजावं.

शासनाकडेही एक मागणी आहे. शुल्क नियामक प्राधिकरण फी ठरवताना कॉलेजचा खर्च तपासतं. तिथून बाहेर पडलेल्यांची कमाई मात्र कोणी तपासत नाही. कॅपच्या ऑप्शन फॉर्मवर प्रत्येक शाखेच्या कोडसमोर मागच्या वर्षीची फी आणि तीन वर्षांपूर्वी पास झालेल्यांचा मधला पगार छापला, तर निम्म्या मामांचे सल्ले आपोआप बंद होतील. ज्या भागात शेतकरी बाग लावायच्या आधी माती आणि पाणी तपासून घेतो, तिथे मुलाच्या चार वर्षांची तपासणी न करता सही करण्याची सवय आता मोडायला हवी.